तात्पुरता पत्ता

रिक्षावाला म्हणाला, द्वारकेला उतरता, का पुढे सोडू?
पुढे, मी म्हणाले.
पुढे म्हणजे कुठे ते कागदावर होतं
आणि कागद ब्लाउजमध्ये, घामाने शाई फुटलेला.

ईश्वरीच्या दप्तरात त्या दिवशी पुस्तकं नव्हती.
दोन फ्रॉक, तिचा जन्मदाखला, माझी थायरॉईडची पट्टी
आणि कुकरची शिट्टी.
शिट्टी का घेतली, मला विचारू नका.
घासत होते, हातात होती.
तो पहिल्या पाळीला गेला, सातपूरची बस वळणावर विरली
आणि मी हात पुसायच्या आत जिना उतरले.

नलूताईंनी रजिस्टरला रेघा आधीच मारून ठेवल्या होत्या.
नाव?
मी थांबले.
अंगठीने तांदळात लिहिलं होतं ते प्रांजल.
तेरा वर्षं मार त्याच नावाने खाल्ला.
त्याच्या आधीचं वेणू,
सिन्नरला विड्या वळता वळता आईने ठेवलेलं.
नलूताई म्हणाल्या, सरकारला कागदावरचं लागेल,
आम्ही हाक कुठली मारू?

कायमचा पत्ता : चार ओळी.
तात्पुरता पत्ता : एक.
त्या म्हणाल्या, चार ओळी राहू द्या कोऱ्या.
आणि ही एक कुणाला सांगायची नाही, आईलासुद्धा.
बरोबरच आहे. आई सांगून टाकेल.
जावई उंबऱ्यात बसून रडले गं, म्हणेल.
रडतो तो. छान रडतो.
कानाखाली काढल्यावर माझ्याच पदराने डोळे पुसत
त्यानेच तर बर्फ लावला होता.

म्हणून इथेही लिहीत नाही.
नाशकातच आहे म्हणा.
गंगेच्या अलीकडे का पलीकडे, तेही नको.
खिडकीची खालची काच रंगवलेली आहे,
वरच्या काचेतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते
आणि टाकीवर कुणाची तरी एक चप्पल.

खोलीत तीन कॉट.
मालेगावची शबनूर, आठवा महिना, पाय सुजलेले.
पेठची हिरा, जी दोन दिवस बोलली नाही
पण तिने स्वतःची उशी ईश्वरीला दिली.
स्वयंपाकघरात मोठा कुकर वाजला
तेव्हा आम्ही तिघीही भिंतीला टेकलो.
कुणीच कुणाला विचारलं नाही.
आमच्याकडे तीन शिट्ट्या मोजायचा तो.
चौथी झाली की भाताचा गाळ
आणि पुढचं मग ताटासकट.
तिकडे आता कुकर मुका पडला असेल.
शोधत असेल ओट्याखाली, वाकून.
एवढं आठवून मला हसू आलं,
हसू आलं म्हणून भीती वाटली.

रात्री ईश्वरीच्या हातून दूध सांडलं.
पेला घरंगळत थेट शबनूरच्या कॉटखाली गेला.
पोरगी डोकं दोन्ही हातांत घालून बसली,
मला वाटायचं तिला हे येत नाही.
मी तिच्यावर वाकले, पाठ वर करून, सवयीने.
खोलीत पंखा फिरत होता.
हिरा उठली, फडकं आणलं, पुसलं,
पिळलं, वाळत घातलं.
झालं.
त्याच्या पुढे काही झालंच नाही.
बराच वेळ आम्ही दोघी पुढचं व्हायची वाट बघत होतो.

ही शिट्टी इथल्या कुकरला बसत नाही.
ईश्वरीने ती कंपासपेटीत ठेवली, खोडरबराशेजारी.

पहाटे पाचला जाग आली. डब्याची वेळ.
कणीक नाही, तवा नाही,
हात मांडीवर पडलेले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.
वकीलबाई अकराला येणार होत्या.
किती दिवस राहता येईल ते मी विचारलं नव्हतं,
विचारलं असतं तर आकडा कळला असता.

दाराबाहेरून हिराचा आवाज आला, पहिल्यांदाच,
घोगरा, पेठच्या हेलाचा :
वेणू, चहा.

मी लगेच उठले नाही.